नाल्याच्या शुद्धीकरणाचा आराखडा: कुंपणाआडून येणारं पाणी मोजायचं की नाही?

सुरंगी (शनिवार, रात्री ९.१०)

नमस्कार.

आमचा वाडा गोव्यात, बार्देशात, डोंगराच्या उतारावर. वाड्याखालून व्हाळ (ओढा) जातो, पुढे खाजनात, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या सखल शेतजमिनीत उतरतो आणि मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारांतून, खाडीला मिळतो. व्हाळ खाजनात शिरतो तिथे गाळ बसायची टाकी आणि तिच्यापुढे पाणवनस्पतींचं तळं बांधायचं घाटतंय. पावसाळी गटारांचं पाणी शेतात जाण्याआधी थोडं निवळावं, हा हेतू. मला हा प्रकल्प मनापासून हवा आहे, म्हणूनच हा धागा काढतेय.

ग्रामसभेत नकाशा मांडला तेव्हा मी तो हातात घेऊन नीट पाहिला. आराखडे काढण्याचं काम मी वीस वर्षं करते, त्यामुळे नजर आधी टाकीच्या मापाकडे गेली. माप काढताना पाणी धरलंय ते फक्त रस्त्याचं, म्हणजे डांबर आणि बाजूची साइडपट्टी. दोन्ही अंगांची घरं, दुकानं, गॅरेज, डोंगरावरचे नवे व्हिला यांतून एक थेंबही गटारात येत नाही असं धरून चाललेत. विचारलं, तर उत्तर आलं, ‘ती खासगी जमीन. आपल्या अखत्यारीत येत नाही.’

मग मागच्या आठवड्यात पाऊस लागला तेव्हा छत्री घेऊन निघाले. वरच्या खुरसापासून (क्रॉसापासून) व्हाळापर्यंत रस्ता जेमतेम चारशे मीटर. तेवढ्यात कुंपणांतून गटारात उघडणारे ३१ पाइप मोजले. त्यातला एक अजून डोळ्यांसमोर आहे. चिऱ्याच्या भिंतीला भोक पाडून बसवलेला चार इंची पाइप, कडेने सिमेंट लिंपलेलं, आणि तोंडाखाली चिऱ्यावर पांढरट, बुळबुळीत ओघळ. पाऊस थांबून अर्धा तास झाला होता. शेजारचे पाइप नुसते ठिबकत होते, हा मात्र एकसारखा वाहत होता, आणि पाण्याला कपड्यांच्या साबणाचा वास होता. म्हणजे त्यातून पागोळ्यांबरोबर मोरीचंही पाणी येतंय. पुढे गॅरेजसमोर गटारात तेलाचा रंगीत तवंग. त्याच्याही पुढे बांधकाम चाललेल्या प्लॉटच्या फाटकाखालून तांबड्या मातीचा लोंढा, इतका दाट की गटाराचा तळ दिसेना.

आता आकडे. समजा, व्हाळाला मिळणारा पाणलोट ५ हेक्टर आहे आणि त्यात रस्ता अर्धा हेक्टर. छप्पर, डांबर, पेव्हर मिळून १०० पैकी ७० भाग जमिनीत पाणी मुरत नाही. अमेरिकेत टॉम शूलर यांनी १९८७ मध्ये एक सोपं गणित मांडलं, तेच वापरते. न मुरणाऱ्या जागेची टक्केवारी ०.००९ ने गुणायची आणि त्यात ०.०५ मिळवायचे. पडलेल्या पावसातला तेवढा वाटा वाहून येतो. २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर एकट्या रस्त्यावरून सुमारे ११९ घनमीटर पाणी येईल. पूर्ण पाणलोटातून येईल ८५० घनमीटर, सातपटीहून जास्त. टाकी बांधणार ११९ ची आणि तिच्यात शिरणार ८५०.

हे मला अगदी उघड चुकीचं वाटतं, पण समोरच्यांना ते पटवता आलं नाही. कोणी अशा कामात असेल तर सांगा, खासगी जागांचं पाणी आराखड्यात कसं धरतात?

खाजनकाठ (शनिवार, रात्री १०.३५)

सुरंगीताई, तुम्ही वरून पाहिलंत. मी खालच्या अंगाचा, आमची कोमुनिदादची (गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची) शेतं त्याच प्रकारच्या खाजनात आहेत.

शहरातल्यांना मानस कशी चालते ते फारसं माहीत नसतं, म्हणून सांगतो. भरतीचं पाणी चढलं की बाहेरच्या दाबाने मानशीची दारं आपसूक मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याने उघडतात. भरती चालू असताना वर पाऊस कोसळला, तर व्हाळाचं पाणी बाहेर पडत नाही, पोंयीत, म्हणजे मानशीच्या आतल्या खोलगट डोहात, तुंबून राहतं. वरून आलेला साबण, तेल, माती, सगळं तिथेच तासन् तास थांबतं आणि तळाला बसतं. नदीकाठच्या गावात घाण निदान वाहून तरी जाते, आमच्याकडे ती मुक्कामाला येते.

लहान असताना पोंयीच्या तळाचा चिखल आम्ही पायांनी तुडवायचो, खुबे हाताला लागायचे. आता उपसलेला चिखल काळा निघतो आणि त्याला कुजका वास येतो. आमच्या खाजनात अजून दोन घरं कोरगुट लावतात. ते भात खारं पाणी सोसतं, त्यासाठीच ते जन्मलंय, पण इंजिन ऑइल सोसण्यासाठी नाही.

मला एवढंच विचारायचं आहे. टाकी लहान पडली, तर काहीच नसण्यापेक्षा ती बरी ना? की उलट नुकसान?

पन्हळ (रविवार, सकाळी ८.०५)

खाजनकाठ, तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून आधी तोच घेतो. पावसाळी गटारांच्या कामात बरीच वर्षं आहे.

लहान टाकी कधी कधी उलट नुकसान करते. गाळ खाली बसायला पाणी संथ हवं. मापापेक्षा सातपट पाणी आलं की टाकीत खळखळाट होतो, आज येणारा गाळ तर बसत नाहीच, आधीच्या सरींत बसलेलाही ढवळून निघतो. चार दिवसांत साठलेली घाण एका तासात खाजनात! पाणवनस्पती मुळासकट उपटून जाताना मी स्वतः पाहिल्या आहेत.

म्हणून पाण्याचा हिशेब करताना कुंपण पाहायचंच नसतं, उतार पाहायचा. गटाराच्या तोंडाशी उभं राहून विचारायचं, इथे पोचणारं पाणी कुठकुठून येतं? वर समपातळी रेषेवरचा माथा, खाली हे तोंड, मधलं सगळं पाणलोट. सातबारा, म्हणजे आपल्याकडचा फॉर्म एक-चौदा, नंतर. भारत सरकारच्या गृहनिर्माण आणि शहरी व्यवहार मंत्रालयाने २०१९ मध्ये पावसाळी जलनिःसारणाची नियमपुस्तिका काढली आहे. तिच्यातली रॅशनल पद्धतही सगळ्या पाणलोटाचं क्षेत्रफळ मागते. क्षेत्रफळ हेक्टरमध्ये, पावसाचा जोर तासाला किती मिलिमीटर ते, आणि वाहून येण्याचा गुणांक, या तिघांचा गुणाकार भागिले ३६०. उत्तर घनमीटर दर सेकंदाला.

एक उदाहरण करून पाहा. एक हेक्टर माडांचं भाट, गुणांक ०.२५ धरा, तासाला ५० मिलिमीटरची सर. सेकंदाला साधारण ३५ लिटर पाणी निघतं. तेच भाट सपाट करून व्हिला आणि पेव्हर घातले, गुणांक ०.९ झाला, तर १२५ लिटर. जमीन तीच, पाऊस तोच. ज्यांनी रस्ता तेवढा मोजला त्यांच्या वहीत या बदलाची नोंदच होत नाही.

एक सावधगिरीची गोष्ट सांगतो, कारण परदेशी पुस्तकं जशीच्या तशी उतरवणारे बरेच भेटतात. तिकडच्या कित्येक शहरांत २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे मोठी सर. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. आषाढात २५ मिलिमीटर एका तासात होतो, आणि तो थांबतही नाही. एवढं सगळं पाणी शुद्ध करायला निघालात तर अख्खं खाजन टाकीखाली जाईल. आपल्यासाठी खरा मोलाचा हिस्सा म्हणजे पहिलं धुवण. नोव्हेंबर ते मे रस्त्यांवर आणि छपरांवर साठलेली धूळ, टायरचा चुरा, ब्रेकची भुकटी, तेल, हे सगळं मृगाच्या पहिल्या चार-सहा सरींत उतरतं. म्हणून टाकी मुख्य प्रवाहाच्या बाजूला काढा, सुरुवातीचं पाणी तिच्यात वळवा, आणि ती भरली की पुढचं पाणी सांडव्यावरून थेट जाऊ द्या. पण सांडव्याची उंची ठरवायलाही कुंपणाआडचं पाणी मोजावंच लागणार. त्यातून सुटका नाही.

दर्यादेग (रविवार, सकाळी ११.२०)

मी थोडं उलट बोलणार आहे, रागावू नका.

मला दोन भाड्याची घरं आहेत. घरपट्टी भरतो, बांधताना नियमाप्रमाणे शोषखड्डा केला, छपराचं पाणी विहिरीला सोडलं. त्यासाठी पैसे मोजले. आता शेजारच्या व्हिलावाल्याने सगळं अंगण पेव्हरने मढवलं, पाणी गटारात ढकललं, आणि ते साफ करायला सरकारने मोठी टाकी बांधायची? तो पैसा माझ्याही करातला. टाकी मोठी केली की त्याला कोणी विचारणारच नाही, ‘खाली आहे ना टाकी, जाऊ दे.’ पाणी प्रदूषण कायदा १९७४ चा आहे, त्याचं कलम २४ प्रवाहात घाण सोडायला बंदी करतं. ते वापरा ना! अखत्यारीत नाही म्हणणारा अधिकारी मला चुकीचा वाटत नाही. खासगी घाणीची जबाबदारी सरकारने उचलू नये.

सुरंगी (रविवार, दुपारी १.१५)

दर्यादेग, रागावण्यासारखं काही नाही. तुमच्या बोलण्याने माझ्या डोक्यातला गुंता सुटला, खरं सांगते.

आपण दोन हिशेब एकाच वहीत मांडतोय. एक पाण्याचा, एक जबाबदारीचा. पाण्याच्या हिशेबात कोणालाही वगळता येत नाही. तुमच्या शेजाऱ्याचं पाणी एकदा गटारात पडलं की त्यातलं त्याचं किती आणि रस्त्याचं किती ते वेगळं काढणारी चाळणी नाही. म्हणून टाकी, सांडवा, पाइप यांची मापं सगळं पाणी धरूनच. जबाबदारीचा हिशेब मात्र प्लॉटप्रमाणे मांडायचा. कोणाकडून किती येतं, कोणी आधीच जिरवलंय, कोणाकडे सांडपाण्याची जोडणी आहे. तिथे तुमचं नाव जमेच्या बाजूला यायला हवं.

आमच्या अधिकाऱ्यांनी दुसऱ्या हिशेबाचं कारण देऊन पहिलाच हिशेब केला नाही. अखत्यारीत नाही म्हणून दंड करता येत नाही, हे मी समजू शकते. अखत्यारीत नाही म्हणून पाणी येत नाही, हे कसं मान्य करू?

पन्हळ (रविवार, दुपारी ३.५०)

ताई, नेमकं बोललात. जिथे हे काम जुनं आहे तिथे दोन्ही वह्या वेगळ्या ठेवतात.

अमेरिकेत त्यांच्या जलशुद्धता कायद्याला १९८७ मध्ये दुरुस्ती झाली आणि शहरांची पावसाळी गटारंही परवान्याखाली आली. शहराच्या पाइपातून नदीत जे पडेल त्याचं उत्तर शहराने द्यायचं, मग ते पाणी पाइपात कोणाच्या अंगणातून का आलेलं असेना. त्यामुळे तिथल्या पालिकांना खासगी जागा मोजण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. फिलाडेल्फियाने २०१० पासून घरं सोडून बाकीच्या जागांसाठी पावसाळी पाण्याचा आकार (शुल्क) नळाच्या मीटरवरून काढून जागेवर नेला. प्लॉट केवढा आणि त्यात न मुरणारी जागा किती, यावर बिल. मोठ्या वाहनतळाचं बिल वाढलं, आणि ज्याने आपल्या आवारात पाणी जिरवलं त्याला सूट. जर्मनीतही सांडपाण्याचा आणि पावसाच्या पाण्याचा आकार वेगवेगळा लावतात. दर्यादेग यांना हवं आहे ते साधारण हेच.

आपल्याकडे उद्या असा आकार लागेल असं मी म्हणत नाही. पण प्लॉटवार यादी करून ठेवली, तर उद्या घरपट्टीत सूट द्यायची म्हटल्यावर हातात काही असेल.

साळकाठ (रविवार, संध्याकाळी ६.३०)

मी सासष्टीतली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे जाहीर केले, त्यात गोव्याचे ११ होते आणि आमची साळ त्यात होती. लहानपणी आजी जिथे तिसऱ्या वेचायची तिथे आता उतरायला धीर होत नाही. म्हणून हा धागा वाचताना मन लावून वाचला.

सुरंगी, तुझ्या त्या साबणाच्या पाइपाबद्दल. तो पावसाळी पाण्याच्या हिशेबात धरू नकोस गं. ते सांडपाणी आहे, त्याची वही तिसरी. टाकी आणि तळं पावसाच्या पाण्यासाठी असतात. वर्षभर मोरीचं आणि सेप्टिक टाकीचं पाणी त्यात येत राहिलं, तर तळं सडेल आणि दोष प्रकल्पावर येईल. आमच्याकडे पावसात भूजल वर आलं की जुन्या सेप्टिक टाक्या भरून वाहतात, आणि ते पाणीही त्याच गटारात.

ओळखायची सोपी रीत आहे. सलग तीन दिवस पाऊस नसताना गटाराला चालत जायचं. तेव्हा जो पाइप वाहतो तो पावसाचा नाही. आपल्याकडे हे मे महिन्यात करायचं, जुलैत तीन कोरडे दिवस कुठे मिळायचे! आम्ही आमच्या वॉर्डात असंच केलं होतं. वाहणाऱ्या पाइपाखाली भिंतीवर खडूने खूण, वहीत वेळ, वास, रंग. घरमालकाचं नाव मुद्दाम लिहिलं नाही. आधी जाऊन बोललो. निम्म्या लोकांना आपला पाइप कुठे उघडतो तेच ठाऊक नव्हतं, घर बांधणाऱ्याने जोडून दिलेला. एका आजींनी तर दुसऱ्याच दिवशी मोरीचं पाणी माडाच्या आळ्यात वळवलं, ‘पूर्वी तसंच होतं बाय’ म्हणाल्या.

राखणदार (रविवार, रात्री ८.४५)

मी चार व्हिलांची देखभाल बघतो. मालक दिल्ली-मुंबईला. एक गोष्ट यादीत घाला, कोणी लिहिली नाही: पोहण्याच्या तलावांचं पाणी.

फिल्टर उलटा धुतला की पाणी निघतं, कधी तलाव पूर्ण रिकामा करतात. त्यात क्लोरिन असतं. आमच्याकडे आधीच्या माणसाने पाइप सरळ गटारात दिला होता. खाली व्हाळात छोटे मासे पालथे पडलेले पाहिले तेव्हा मन मला खाऊ लागलं. आता काही दिवस क्लोरिन घालणं थांबवतो, उन्हात ते उडून जातं, पट्टीने तपासतो, मग हळूहळू बागेत सोडतो. मालकांना सांगितलं, कोणी नाही म्हटलं नाही. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

दर्यादेग (सोमवार, सकाळी ७.४०)

दोन वह्यांचं पटलं. एक शंका उरते. मी शोषखड्डा केला, विहिरीला पाणी सोडलं. उद्या दहा जणांनी तसं केलं, तर टाकी उगाच मोठी बांधली असं होणार नाही का? की आजच्या आराखड्यातच ते पाणी वजा करायचं?

पन्हळ (सोमवार, सकाळी ९.००)

आज जे जागेवर आहे तेवढंच वजा करा. आणि तेही पाहून. माझ्या अनुभवात तीन वर्षं न उपसलेला शोषखड्डा गाळाने भरलेला असतो, कागदावर तो पाणी जिरवतो, प्रत्यक्षात वरून वाहतो. जांभ्या दगडात पाणी छान मुरतं, पण डोंगरउतारावर तेच पाणी खालच्या घराच्या चौथऱ्यातून झिरपून बाहेर येतं, तेव्हा जागा पाहिल्याशिवाय कोणालाही ‘मुरवा’ सांगू नका. दीडशे चौरस मीटरच्या छपरावर आपल्याकडे वर्षाला साडेचार लाख लिटर पाणी पडतं, ते काही थोडं नव्हे.

पुढे लोक करतील त्याची आशा धरून टाकी लहान करायची नाही. उलट नवी घरं आणि पेव्हर वाढणार, ते धरा. आणि उद्या प्लॉटवर खरंच पाणी जिरलं, तर तो फायदा एकदाच मोजायचा. घरमालकाच्या खात्यात सूट आणि तेच किलो-दोन किलो गाळ पुन्हा टाकीच्या कामगिरीत, असं दोनदा जमा धरलं की कागदावर खाडी स्वच्छ होते आणि पोंयीत चिखल तसाच.

टाकी उपसायचा खर्चही आत्ताच मंजुरीत लिहून घ्या, दरवर्षी मे महिन्यात एकदा आणि चतुर्थीनंतर एकदा. तो नसेल तर बाकी सगळं वाया.

सुरंगी (बुधवार, रात्री ९.३०)

आज कनिष्ठ अभियंत्यांना भेटले. नकाशा, ३१ पाइपांची यादी आणि ११९ विरुद्ध ८५० चं गणित दाखवलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, प्लॉटवार न मुरणारी जागा मोजून आणलीत तर माप पुन्हा काढायला पाठवतो, आमच्याकडे माणसं नाहीत. वजनदार आश्वासन नव्हे, पण दार मिटलेलं नाही.

तेव्हा येत्या रविवारी मोजणी. सकाळी आठला खुरसापासून सुरुवात, उतरत व्हाळापर्यंत. प्रत्येक फाटकाशी आधी विचारायचं, आत बोलावलं तरच जायचं. छप्पर, पेव्हर, माती आणि पाइप, चारच रकाने. कोरड्या दिवसांची फेरी मे महिन्यात वेगळी करू, साळकाठताईंच्या खडूच्या पद्धतीने. भरती साडेदहाला आहे, ओहोटी साडेचारच्या सुमारास, तेव्हा मानशीकडे पोचायचं, पोंयीतल्या चिखलाची जाडी काठीने मोजायला. माझ्याकडे दोन टेप आहेत, एक कमी पडते.

खाजनकाठ (बुधवार, रात्री १०.०५)

तीस मीटरची टेप घरात आहे, घेऊन येतो. काठीला अडीच मीटरपर्यंत खुणा करून ठेवतो, पोंयीत त्याहून आखूड काठी तळाला टेकत नाही. चिखलात उतरणाऱ्यांनी चपला बांधावर ठेवा.